सरकलेली रेघ

यादीत कुत्रासुद्धा होता. आमच्या गल्लीच्या तोंडाशी झेरॉक्सचं दुकान आहे, तिथे उभ्या उभ्याच मी ती वाचली. क्विनने पाठवलेला मजकूर दुकानवालीने छापून दिला होता, कागद अजून हाताला गरम लागत होता. वर मोठ्या अक्षरांत 'हुआन : चित्रकार, छापचित्रकार, कवी. जीवन आणि प्रभाव', आणि खाली एकोणीस प्रभाव, प्रत्येकाला एक ओळ. आई. आईच्या गाडग्यातल्या गोगलगायींच्या रश्श्याचा वास. चित्रशाळेतले गुरुजी. जुने जर्मन लाकडी छापे. लोखंडी पुलावरचा वारा. अकराव्या क्रमांकावर वेन नावाचा पट्ट्यापट्ट्यांचा कुत्रा. बॉम्बच्या भीतीने हनोईतली पोरं खेड्यात पाठवली होती, तेव्हा हा वेन हुआनच्या मागे बांधावरून हिंडायचा, आणि त्याची हलती शेपटी बघून म्हणे हुआन रेघ ओढायला शिकला. मी यादी वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. सतराव्या क्रमांकावर 'दुओंग नदीकाठची ठसेकरांची गावं' असं होतं. त्या गावांपैकी एका गावात माझा जन्म झाला, एवढंच काय ते माझं त्या यादीत होतं.

"ताई, काही वाईट बातमी आहे का?" दुकानवालीने विचारलं. माझा चेहराच तसा झाला असणार.

"नाही गं. एका कुत्र्याची आहे."

"गेला?"

"नाही. मोठा झाला."

ती हसली नाही, मीही हसले नाही. घरी येऊन चहा ठेवला आणि तो उकळून आटेपर्यंत यादीकडे बघत बसले. साठी उलटलेल्या बाईने एका मेलेल्या कुत्र्यावर जळावं ही काही शोभेची गोष्ट नाही. पण मी जळत होते, खोटं कशाला सांगू. हुआनचा हेवा करायची मला इतकी सवय आहे की कधी दोन-चार दिवस तो वाटला नाही तर काहीतरी हरवल्यासारखं होतं. त्याला बक्षीस मिळालं की माझं पोट बिघडतं, त्याचं पुस्तक आलं की मी ते पहिल्या दिवशी विकत घेते आणि त्यातली वाईट कविता शोधत बसते. एक तरी सापडतेच, आणि त्या दिवशी मला भाताची चव लागते. माझ्या नवऱ्याला वाटायचं की लग्नाआधी माझं हुआनवर प्रेम होतं. मी ते कधी नाकारलं नाही. नवरा बिचारा मरेपर्यंत हुआनचं नाव निघालं की खिडकीबाहेर बघायचा. प्रेमाचा संशय परवडतो, त्यात बाई जरा उजळूनच निघते. खरं सांगितलं असतं, की अहो, मला तो माणूस नको होता, मला त्याचा डोळा हवा होता, तर नवऱ्याने माझ्याकडे कसं पाहिलं असतं कोण जाणे.

संध्याकाळी क्विनचा फोन आला. क्विन म्हणजे हे प्रदर्शन मांडणारी मुलगी, तिशीची, हुशार, भरभर बोलणारी. हुआनच्या चाळीस वर्षांच्या कामाचं हे सगळ्यात मोठं प्रदर्शन, आणि गावच्या धंद्यातले शब्द तपासायला तिने मला मजकूर पाठवला होता.

"मावशी, वाचलंत? शब्दांत काही चुकलं नाही ना?"

"शब्द बरोबर आहेत," मी म्हणाले. मग राहवलं नाही. "क्विन, यादीत अजून एखादं नाव बसेल का गं?"

"बसेल की! कुणाचं?"

"असंच विचारते."

"नुसतं नाव नाही हं चालत मावशी. काय प्रभाव पडला ते एका ओळीत लागतं. म्हणजे बघा, कुत्र्याची शेपटी आहे, आईचा रस्सा आहे..."

"हो. कुत्र्याला शेपटी आहे."

"तुम्ही ओळ द्या, मी घालते. आणि ऐका ना, खरं काम वेगळंच आहे." 'उठणारी आई' या चित्राचे मूळ ठसे हुआनकडे अजून आहेत, उद्‌घाटनाच्या दिवशी पाहुण्यांसमोर त्यांच्यावरून एक प्रत काढायची आहे, असं ती म्हणाली. "काकांचा हात हल्ली थरथरतो. ते म्हणाले, थोआला सांग, तिचा हात घड्याळासारखा आहे."

हात. हे ऐकून मला चाळीस वर्षांपूर्वीच्या चित्रशाळेतल्या लांब खोलीचा वास आला, केरोसीन आणि ओल्या लाकडाचा. गुरुजी एकेकाच्या मेजापाशी थांबत येत होते. माझ्यापाशी थांबून त्यांनी मी छापलेली कोंबडी आणि तिची दहा पिल्लं पाहिली. एक रेघ इकडची तिकडे नव्हती. "थोआचा हात चांगला आहे," ते म्हणाले. मग शेजारच्या हुआनच्या मेजावर वाकले. त्याचा ठसा ओबडधोबड, कडा फाटलेल्या, शाई जागोजागी साचलेली. तिथे ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "याला डोळा आहे." वर्गात चौदा जण होतो, त्यांतल्या कुणालाही आज ते आठवत नसेल. मला त्यांच्या सदऱ्याचं तुटलेलं बटणही आठवतं. आम्ही सात पिढ्यांचे ठसेकर, लाकडावर कोरून चित्रं छापणारे, माझा बाप डोळे मिटून काळ्या ठशाचा कोपरा कागदाच्या कोपऱ्यावर बसवायचा. नव्या वर्षाच्या बाजारासाठी दर साली आमच्याकडे डुकरं, मासे, कोंबड्या यांबरोबर सवतीच्या भांडणाचं एक चित्र निघायचं. त्यात थोरली कात्री घेऊन धाकटीचे केस कापायला धावते आणि नवरा मधे उभा. लोक ते हसत हसत विकत घेऊन भिंतीला चिकटवायचे. लहानपणापासून त्या कात्रीची काळी रेघ छापायचं काम माझं. त्या थोरलीच्या चेहऱ्यावर राग नीट उमटावा म्हणून बाप मला सांगायचा, इथे जरा जोर दे.

मी क्विनला हो म्हटलं. का म्हटलं ते मला फोन ठेवता ठेवताच कळलं होतं, पण मी ते मोठ्याने स्वतःलाही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने ठसे पाठवले, चार लाकडं जुन्या सुती सदऱ्यात गुंडाळलेली. तीन रंगांचे तीन, आणि चौथा काळ्या रेघेचा, तो नेहमी सगळ्यात शेवटी येतो. रंग आधी बसवायचे, लाल, पिवळा, हिरवा, आणि मग काळी रेघ येऊन त्यांना घरात घेते. काळा ठसा मी हातात घेतला. हुआनची आई, खांद्यावरची कावड उतरवून फुटपाथवर बसलेली, दोन्ही बाजूंना टोपल्या, एका टोपलीत वाडगे, दुसरीत रश्श्याचं गाडगं. चित्र हुआनने काढलं होतं, लाकूड मी कोरलं होतं. ओठांच्या कोपऱ्याशी माझ्या पात्याची एक बारीक खाच आहे, ती अजून तशीच होती. मी अंगठा फिरवला तर तो बरोबर तिथेच थांबला.

जगाला ठाऊक असलेली गोष्ट अशी. हुआन ऐन तिशीत असताना तरुण चित्रकारांच्या प्रदर्शनात त्याने या चित्राच्या प्रती मांडल्या, आणि त्यात आईची काळी रेघ तिच्या रंगावर नव्हतीच. वरच्या डाव्या कोपऱ्यात ती रंगाबरोबर निघते आणि खाली उजवीकडे येईस्तोवर तांदळाच्या दोन दाण्यांइतकी बाहेर पडते. रंगाची आई खाली बसलेली आणि रेघेची आई तिच्यातून उठून चाललेली. बघणारे थबकले. कुणी म्हणालं हे युद्ध, कुणी म्हणालं हे निघून जाणं, एकाने त्यात जर्मन लाकडी छापे पाहिले. त्यानंतर तीस वर्षं हुआनने दुसरं काही केलंच नाही म्हणा ना, माणसं, पूल, म्हशी, दारं, सगळ्यांच्या रेघा रंगांतून बाहेर पडत राहिल्या, आणि त्याची सगळ्यात गाजलेली कविताही तीच:

आई उठली, तिचा रंग बसूनच राहिला.
मी रंगाला जेवू घातलं
आणि रेघेच्या मागे धावलो.

ही कविता मला पाठ आहे. तिच्यात वाईट ओळ नाही, मी फार शोधली. आता शाळेतल्या पुस्तकातसुद्धा आहे ती. माझ्या नातीने एकदा मला विचारलं की आजी, रेघ का उठली, आणि मी तिला ओरडून सांगितलं, हात धुऊन ये आधी.

आणि हुआनला ठाऊक असलेली गोष्ट अशी, की त्या प्रती मी छापल्या होत्या आणि ते रेघ सरकणं ही माझी चूक होती. दुसऱ्या चांद्रमहिन्यात आमच्याकडे नोम पडतो. समुद्रावरची ओल येते, फरशीला घाम फुटतो, भिंती गळतात, धुतलेले कपडे आठवडाभर वाळत नाहीत. नोममध्ये कागद हवा पितो आणि वाढतो. लाकूड वाढत नाही. कोरड्या दिवशी छापलेल्या रंगांवर नोमच्या दिवशी काळा ठसा मारला की रेघ घर चुकते. ही गोष्ट आमच्या गावात पाच वर्षांच्या पोरीलाही कळते. नोम पडला की आमच्या आळीतल्या बायका ठसे पालथे घालून ठेवतात आणि भाजी निवडायला बसतात. म्हणून तीस वर्षं मी हुआनबद्दल कुणाला काही बोलले नाही. त्याचा सगळा डोलारा माझ्या एका चुकीवर उभा आहे असं सांगायचं म्हणजे सात पिढ्यांच्या ठसेकरणीने नोममध्ये काळा ठसा मारला असं सांगायचं. यादीत नाव हवं तर हीच एक ओळ माझ्याकडे होती, आणि ती गावाच्या तोंडाला काळं फासणारी होती.

पण क्विनला हो म्हणताना माझ्या मनात दुसरंच शिजत होतं. मी बरोबर छापणार होते. तेच ठसे, तोच झाडाच्या सालीचा कागद, शिंपल्याच्या चुऱ्याचा तोच लेप, आणि रेघ जिथल्या तिथे. सगळ्या पाहुण्यांसमोर, हुआनच्या समोर. लोकांना दिसेल की ठशात उठणं बिठणं काही नाही, आई बसलेली आहे, नीट बसलेली आहे, आणि ज्याला तुम्ही तीस वर्षं डोळा म्हणत होतात ती निव्वळ हवेतली ओल होती. तोंडाने एक शब्द बोलायची गरज नव्हती. त्या आठवड्यात हवा कोरडी होती, मी गच्चीत बसून पाच कागदांवर तिन्ही रंग बसवले. घोसाळ्याच्या वाळक्या जाळीने कागदाची पाठ घासताना मी चक्क गुणगुणत होते. कित्येक वर्षांत मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

उद्‌घाटनाच्या आदल्या दिवशी नोम पडला. सकाळी पाय खाली टाकला तर फरशी ओली. मी पाचही कागद चाचपून पाहिले, ते जडावले होते, आणि काळा ठसा नुसता वर धरून मापला तर खालच्या कोपऱ्यात बरोबर दोन दाणे कमी पडत होता. मला हसू आलं. नोमलाही बोलावणं गेलं होतं म्हणायचं. पण यावर उपाय आहे, आणि तोही आमच्या गावातलं पोरगं जाणतं. निखाऱ्यावर कागद शेकायचा. वीतभर उंच धरून, फिरवत फिरवत, तो कडकड वाजेपर्यंत. शेकलेला कागद आपल्या मापाला परत येतो, तेवढ्यात ठसा मारायचा. मी बाजारात जाऊन चांगला लाकडी कोळसा आणला, शेगडी माळ्यावरून काढली आणि एक तुकडा पेटवून पाहिला. कोळसा तडतडला, त्याचा तो कोरडा गोडसर वास खोलीत पसरला, आणि माझे हात तिथेच थांबले.

कारण तेव्हाही कोळशाची टोपली होती, खाटेखाली. हुआनच्या तेव्हाच्या भाड्याच्या खोलीत, जिथे मी त्याच्या प्रती छापत होते, खाटेखाली डाव्या बाजूला, वर केळीचं पान झाकलेली. तो काळ असा होता की तांदळाला रांग, केरोसीनला रांग, कोळसा कूपनाशिवाय दिसायचा नाही. माझा बाप सायकलवर तीस किलोमीटर रपेट करून आला होता. कॅरियरला कागदाचं बंडल, हँडलला बांबूच्या पानांच्या राखेची काळी शाई मडक्यात, आणि ती अर्धी टोपली. "मुलगा गुणी आहे," तो हुआनबद्दल म्हणाला. "त्याचं काम नीट कर. नोम येईलसं वाटतं. आलाच तर शेक." हे सांगायची गरज नव्हती, तरी त्याने सांगितलं, आणि पाणी पिऊन परत गेला. चार दिवसांनी नोम आला. प्रदर्शन दुसऱ्या दिवशी होतं, चाळीस कागदांवर रंग बसलेले होते, फक्त रेघ राहिली होती. हुआन मित्रांना कविता वाचून दाखवायला निघाला. दारात वळून म्हणाला, "तू आहेस म्हणून मला काळजी नाही बघ." आणि शीळ घालत जिना उतरला.

मी ते चाळीस कागद दोरीवरून एकेक उतरवले. रेघेशिवायसुद्धा त्याची आई तिथे होती. नुसत्या तीन रंगांच्या डागांत ती बसली होती, तिचे दमलेले खांदे होते, रश्श्याची वाफ होती. माझ्या कोंबडीत दहा पिल्लं, शंभर पिसं, प्रत्येक रेघ जागेवर, आणि तिच्यात जीव नाही हे मला त्या क्षणी असं लख्ख दिसलं की तोंडात कोणीतरी मारल्यासारखं झालं. त्याला माझी रेघ नकोच होती. तिच्याशिवाय त्याचं भागत होतं. मी भिंतीला हात लावला, भिंत गळत होती. खाली वाकून मी टोपलीवरचं केळीचं पान सरकवलं. कोळसा कोरडा होता, ठणठणीत. मी पान परत झाकलं, हात धुतले आणि पहिला ठसा मारला. रेघ सरकली. मग उरलेले एकोणचाळीस मारले, एकही न चुकता, सगळे सारखे चुकलेले. सकाळी तो आला तेव्हा मी म्हणाले, "नोम होता, माझ्या लक्षातच आलं नाही." तो रडेल म्हणून मी वाट बघत होते. माझ्या पोटात एक थंड आनंद दबा धरून बसला होता. तो बराच वेळ उकिडवा बसून बघत राहिला आणि मग ओरडला, "थोआ, ही उठतेय! अगं बघ, ही उठून चाललीय!" आणि मला उचलून त्याने गरकन फिरवलं. माझे पाय दोरीला लागले, चार-पाच कागद खाली पडले.

बाप प्रदर्शन बघायला आला होता. हातात टोपी घेऊन तो त्या चित्रापुढे उभा राहिला, एकदा चित्राकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "कोळसा भिजला होता का?" त्याने विचारलं. मी म्हणाले, "हो." त्याने मान हलवली आणि टोपी घातली. पुढे तो अकरा वर्षं जगला, पण मला काळ्या ठशाचं काम त्याने पुन्हा दिलं नाही. मी शहरात नोकरी करते, मला वेळ कुठे, असं तो लोकांना सांगायचा. मीही तेच सांगायचे. आणि वर्षांमागून वर्षं स्वतःला 'चूक झाली' असं सांगता सांगता टोपली माझ्याही डोक्यातून गेली. उरली ती चूक, आणि चुकीची कोणाला इतकी लाज वाटत नाही.

उद्‌घाटनाला प्रदर्शन भरलेल्या जुन्या घराच्या अंगणात मेज मांडलं होतं. आतल्या दालनात भिंतीवर चिकटवलेली 'जीवन आणि प्रभाव'ची अक्षरं ओलीने सुटून गळायला लागली होती, क्विन ती पुन्हा पुन्हा दाबत होती. "मावशी, हे सगळं सोमवारी नव्याने लावावं लागणार," ती म्हणाली. "तुमची ती ओळ असेल तर आत्ताच द्या, आयतं घालून टाकते." मी म्हटलं, बघू. ती केस वाळवायचं यंत्र घेऊन आली, कोळशाऐवजी याने शेका म्हणाली. मी म्हटलं, ते तुझ्या केसांना ठेव. हुआन वेताच्या खुर्चीत बसला होता, काठी गुडघ्यांत, बशीत कलिंगडाच्या बिया. हात थरथरत होता म्हणून बी फोडायला त्याला फार वेळ लागत होता.

"आल्या का बाईसाहेब!" तो म्हणाला. "बघा हं लोकहो, ही माझी परीक्षक. माझ्या प्रत्येक पुस्तकातली वाईट कविता हिला तोंडपाठ असते."

"एकच सापडते दर वेळी," मी म्हणाले. "प्रगती आहे."

लोक हसले. मी शेगडी फुलवली. साठ-सत्तर माणसं भोवती उभी होती आणि मला कुणी दिसत नव्हतं. कागद निखाऱ्यावर धरला, फिरवला, त्यातून वाफ निघाली, मग तो हळूच कडकडला. मेजावर ठेवला. काळा ठसा शाईच्या गादीवर दाबला, कोपऱ्याला कोपरा भिडवला, डोळे मिटले, दाबलं. उलटा करून जाळीने पाठ घासली, नेहमीसारखी, मधून बाहेर. मग कागद सोलून वर धरला. रेघ घरी आली होती. ओठ ओठांवर, बोटं बोटांवर, टोपलीची कड टोपलीच्या कडेवर. हुआनची आई फुटपाथवर नीट बसली होती.

आणि काहीच झालं नाही. टाळ्या वाजल्या, सभ्यपणे. एक बाई शेजारणीला म्हणाली, "छान आहे, पण बाजारात मिळतात ना अशी?" शेजारीण म्हणाली, "आतलं मूळ बघितलंस? त्यात काय जादू आहे! हे म्हणजे आपलं..." कुणी फोन काढून फोटो घेतले आणि लोक आत चहाकडे वळले. माझ्या सूडाचा कुणाला पत्ताही लागला नाही. मी कागद धरून उभी होते आणि मलाही दिसत होतं की त्या दोघी खरं बोलत आहेत. चित्र बरोबर होतं. माझ्या कोंबडीसारखं बरोबर. आत काचेमागे जे लटकत होतं ते हजारपट चांगलं होतं, आणि मला माझ्याच चाळीस वाईट प्रतींचा हेवा वाटला.

"आण इकडे," हुआन म्हणाला.

मी त्याच्या मांडीवर कागद ठेवला. त्याने चष्मा लावला. अंगणात आता आम्ही दोघं आणि कागद-पेन घेऊन घुटमळणारी क्विन, एवढेच होतो. तो गुरुजींसारखा कागदावर वाकला.

"आई अशीच बसायची," तो म्हणाला. "मी विसरलोच होतो गं. तीस वर्षं मी तिला उठवतोय नुसता." त्याने बोट रेघेवरून फिरवलं, ओठांच्या खाचेशी ते थांबलं. मग त्याने शेगडीकडे पाहिलं. निखारे अजून लाल होते. त्या शेगडीकडून त्याची नजर हळूहळू माझ्याकडे आली. "नोमलाही शेकून छापता येतं म्हणजे."

"येतं."

"पण तेव्हा कुठला कोळसा," तो म्हणाला. "कूपनाचे दिवस. तेव्हा आपल्याकडे कोळसा नव्हता."

त्याने ते विचारलंही नाही, सरळ उत्तरच माझ्या हातात दिलं होतं. मी नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. बापापुढे 'हो' म्हटलं होतंच. चूक चूकच राहिली असती, आणि चुकीची ओळ करून क्विनला देताही आली असती, थोआ, जिच्या चुकीतून वगैरे. लोक हळहळले असते, हसले असते. माझं नाव कुत्र्याच्या खाली का होईना लागलं असतं.

"होता," मी म्हणाले.

त्याने चष्मा काढला.

"खाटेखाली. अर्धी टोपली. बाबांनी आणून दिला होता, कोरडा."

हुआन हसायला लागला. काठी गुडघ्यांतून घसरून पडली, बिया सांडल्या, तो हसतच राहिला आणि मग एकदम थांबला. मान वळवून त्याने उघड्या दारातून आत पाहिलं, त्याच्या सगळ्या भिंतींकडे, पूल, म्हशी, दारं, माणसं, सगळ्यांच्या रेघा बाहेर पडलेल्या. तो पुन्हा माझ्याकडे वळला तेव्हा त्याच्या तोंडावर मी जे पाहिलं ते मला ओळखायला क्षणही लागला नाही. राग नव्हता तो. ते मी रोज सकाळी वेणी घालताना आरशात पाहत आले आहे. ते उठणं हवेने केलं होतं तोवर ते त्याचं होतं. आता कोणीतरी मुद्दाम केलेलं निघालं, कोणाच्या तरी हाताने, चाळीस वेळा, एकही न चुकता.

"सगळे सारखे सरकवले होतेस," तो हळू म्हणाला. "मला कधी तसे जमले नाहीत. दर वेळी थोडे इकडे-तिकडे व्हायचे."

"हात घड्याळासारखा आहे ना," मी म्हणाले.

क्विन पुढे आली. तिला यातलं काही कळलं नव्हतं, तिला आपलं काम उरकायचं होतं. "मावशी, मग देताय ना ओळ? विसावा क्रमांक ठेवलाय."

मी हुआनकडे पाहिलं. तो वाट बघत होता, तोंड जरा उघडं ठेवून.

"लिही," मी म्हणाले. "त्या दिवशी कोळसा होता."

क्विनने लिहिलं आणि स्वतःशीच पुन्हा वाचलं. "किती सुंदर! ही काकांच्या कुठल्या कवितेतली?"

"माझी नाही ती," हुआन म्हणाला. खाली वाकून तो एकेक बी उचलत होता. "तिची आहे."